गल्ल्याची किल्ली

शिकागोच्या डेव्हिड गॉटलिबने १९३१ मध्ये ‘बॅफल बॉल’ हा पिनबॉलचा खेळ बाजारात आणला, तेव्हा यंत्राची किंमत होती साडेसतरा डॉलर. एका पेनीत पाच ते सात गोळ्या खेळायला मिळत. म्हणजे १,७५० पेन्या पडल्या की यंत्राच्या किमतीइतका गल्ला. महामंदीत हातात काम नसलेल्या माणसालाही तेवढी करमणूक परवडायची. ‘बॅफल बॉल’ पन्नास हजारांवर खपला.

धंद्याची घडी तेव्हाच बसली. कारखानदार यंत्र एकदाच विकणार, ऑपरेटर ते बारमध्ये किंवा दुकानात ठेवणार आणि जमलेला गल्ला जागामालकाशी वाटून घेणार. खेळणारा यंत्राचा मालक कधीच नव्हता. तो डावागणिक भाडं भरत होता. आज ज्याला ‘सबस्क्रिप्शन’ म्हणतात त्याच्याशी याचं जवळचं नातं आहे. फरक एवढाच की रोजच्या कमाईत कारखानदाराला वाटा नव्हता.

या नाण्यांवर राजकारणही झालं. जुगार ठरवून न्यूयॉर्कने १९४२ मध्ये पिनबॉलवर बंदी घातली आणि महापौर ला गार्डियांनी यंत्रांवर हातोडा चालवला. १९४७ मध्ये ‘हम्प्टी डम्प्टी’ या यंत्रात फ्लिपर आले, गोळी परतवणं खेळणाऱ्याच्या हाती आलं, तरी बंदी टिकली. अखेर १९७६ मध्ये पिनबॉलचे निष्णात खेळाडू रॉजर शार्प यांनी नगर परिषदेच्या समितीपुढे यंत्र खेळून दाखवलं. गोळी सोडणारा प्लंजर ओढण्याआधी त्यांनी सांगितलं, गोळी मधल्या वाटेने जाईल. ती तिथूनच गेली आणि बंदी उठली.

१९९२ च्या ‘अ‍ॅडम्स फॅमिली’ची २०,२७० यंत्रं खपली. पण पुढे व्हिडिओ गेमनी गिऱ्हाईक ओढून नेलं आणि १९९९ मध्ये विल्यम्स या कारखानदाराने पिनबॉलचं खातं बंद केलं. नव्या शतकाच्या पहिल्या दशकात मोठा कारखाना म्हणावा असा ‘स्टर्न’ एकटाच उरला.

याच पडझडीतून नवा खरेदीदार पुढे आला: घरी यंत्र ठेवणारा शौकीन. समोर नाण्याची फट तशीच, पण यंत्र ‘फ्री प्ले’वर, गल्ला रिकामा. २०११ मध्ये सुरू झालेल्या ‘जर्सी जॅक’ने याच गिऱ्हाइकासाठी भरगच्च यंत्रं बनवायला घेतली. स्टर्नचं साधं ‘प्रो’ मॉडेलही सात हजार डॉलरच्या घरात पोहोचलं. एवढे पैसे एकरकमी मोजणाऱ्याची अपेक्षा सरळ होती: यंत्र माझं, आता मागे काही नको.

पण यंत्र बदललं होतं. विल्यम्सच्या काळात नियम बदलायचे तर चिप काढून दुसरी बसवावी लागे. आता यंत्र घरी आल्यावरही महिनोन् महिने नवे कोड येत राहतात. अर्धवट कोडवर यंत्र विकलं म्हणून शौकीन कुरकुरतात आणि पुढचा अपडेट फुकटच हवा म्हणतात. हे कोड लिहिणाऱ्या प्रोग्रामरचा पगार एकदाच घेतलेल्या किमतीतून किती वर्षं निघणार, हा कारखानदाराचा सवालही खोटा नाही. २०२१ मध्ये स्टर्नने ‘इन्सायडर कनेक्टेड’ आणलं. क्यूआर कोड दाखवला की खेळणाऱ्याचा हिशेब थेट कंपनीकडे. आता कारखानदाराला खेळणारा नावानिशी दिसू लागला. नाव कळलं की पावती फाडणं अवघड नसतं.

वर्गणीची ती वाट कुठे जाते हे पडद्यावरच्या पिनबॉलने दाखवलंय. फारसाइट कंपनीच्या ‘पिनबॉल आर्केड’ या व्हिडिओ गेमचा विल्यम्स-बॅलीच्या टेबलांचा परवाना जून २०१८ अखेर संपला. विक्री थांबली, पण आधी घेतलेली टेबलं घेणाऱ्यांकडे राहिली. पुढे झेन स्टुडिओजने नव्या ‘पिनबॉल एफएक्स’सोबत ‘पिनबॉल पास’ आणला. तऱ्हेतऱ्हेची टेबलं चाळून पाहणाऱ्याला तो स्वस्त पडायचा. मात्र वर्गणी थांबली की पासमधलं एकही टेबल हाती उरत नसे.

म्हणून सरसकट एक बाजू घेण्यात अर्थ नाही. स्पर्धेचे फलक, खेळांच्या नोंदी, दूरस्थ देखभाल यांना रोजचा खर्च आहे. त्यांची वर्गणी मागावी, ज्याला हवी त्याने भरावी. पण गोळी, फ्लिपर आणि खेळाचे नियम विकत दिलेल्या पेटीतच पूर्ण असले पाहिजेत, कंपनी बुडाली तरी चालणारे. सात हजार डॉलर घेऊन गल्ल्याची किल्ली स्वतःकडेच ठेवायची असेल, तर त्याला विक्री म्हणू नये. भाडं म्हणावं आणि तेवढंच घ्यावं.