फाळक्यांची फॅक्टरी आणि बोलका पिक्चर

सबमिशन संपल्याच्या रात्री रूमवर आम्ही सात-आठ जण लॅपटॉपभोवती बसून 'कॅसाब्लांका' (1942) पाहिला. संपल्यावर एक जण म्हणाला, "ब्लॅक अँड व्हाइट असून इतका भारी कसा काय?"

याचं एक उत्तर आपल्या ओळखीचं आहे. तेव्हाचं हॉलिवूड म्हणजे कारखाना होता. एमजीएम, पॅरामाउंट, वॉर्नर या कंपन्यांकडे नट, लेखक, कॅमेरामन, सुतार, शिंपी सगळे करारावर नाहीतर पगारावर. स्टुडिओ त्यांचे, थिएटरंही त्यांचीच. 1948 साली अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने थिएटरं वेगळी करायला लावली आणि तो सुवर्णकाळ उतरणीला लागला.

पण असा कारखाना बघायला अमेरिकेला जायची गरज नव्हती. एमजीएम स्थापन झाली 1924 साली. आपल्या ओझरपासून अर्ध्या-पाऊण तासावर, नाशिकला, दादासाहेब फाळक्यांची 'हिंदुस्थान सिनेमा फिल्म्स कंपनी' 1918 सालीच उभी होती! त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या फाळक्यांनी 1912 मध्ये लंडनहून कॅमेरा आणला आणि 1913 मध्ये 'राजा हरिश्चंद्र' दाखवला. फिल्मला भोकं पाडण्यापासून सगळ्यांच्या जेवणापर्यंतची कामं पत्नी सरस्वतीबाई करत. सिनेमात काम करणं कमीपणाचं, म्हणून कलाकारांनी बाहेर सांगायचं, "आम्ही फॅक्टरीत कामाला आहोत." परेश मोकाशींच्या 2009 च्या चित्रपटाचं नाव त्यावरूनच आलं.

मग अमेरिकेतून आवाज आला. 1927 चा 'द जॅझ सिंगर', त्यामागोमाग 1931 चा आपला 'आलम आरा'. फाळक्यांचा 'सेतुबंधन' मुका तयार झाला होता. त्याला नंतर आवाज जोडावा लागला. 1937 चा 'गंगावतरण' हा त्यांचा एकमेव बोलपट, आणि शेवटचाही. 1944 साली नाशिकलाच ते गेले.

त्याच लाटेत कोल्हापूरची 'प्रभात' मात्र तरली. 1929 साली सुरू झालेल्या या कंपनीनेही आधी मूकपटच काढले होते. पण भागीदारांपैकी विष्णुपंत दामले बाबूराव पेंटरांच्या हाताखाली यंत्रं खोलून-जोडून शिकलेले. त्यांनी ध्वनिमुद्रण अंगावर घेतलं आणि 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट आला. 1933 ला कंपनी पुण्याला गेली. दामले-फत्तेलाल यांच्या 'संत तुकाराम'चा (1936) व्हेनिसच्या महोत्सवात गौरव झाला. पुढे 'प्रभात'ही बंद पडली, पण त्याच जागेवर 1960 मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट उभी राहिली.

फाळके काही कमी हुशार नव्हते. उलट, पहिलं मशीन त्यांनीच चालवून दाखवलं! फरक इतकाच, की नवीन मशीन आलं तेव्हा 'प्रभात'मध्ये ते उघडून बघणारा माणूस होता. आपण वर्कशॉपला कंटाळतो, जर्नल कॉपी करतो, तेव्हा हे जरा आठवावं. आणि एखाद्या रविवारी पांडवलेण्यांच्या पायथ्याशी असलेल्या फाळके स्मारकाला चक्कर मारावी. फक्त फोटो काढून परत येऊ नका!