साखरेत घोळलं तरी कडूच!

गेल्या दिवाळीनंतरची गोष्ट. कपडे मशीनला लावण्याआधी सगळ्यांचे खिसे चाचपायची माझी जुनी सवय. चिल्लर, बसचं तिकीट, क्लासची पावती असं काहीबाही निघतं. त्या दिवशी लेकाच्या जीन्सच्या खिशातून एक सिगारेट निघाली. एकच, सुटी, थोडी चुरगळलेली. नाकाशी नेली, तर तंबाखूआधी वास आला तो चक्क पुदिन्याचा!

मुलगा सतरा वर्षांचा, बारावीला. मी मटकन खालीच बसले. कारण मैत्रिणींनो, तुमची ही मैत्रीण गेली बारा-तेरा वर्षं आसपासच्या गावांत बचत गटांच्या बायकांपुढे उभी राहून मिश्रीचे तोटे सांगते आहे. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच!

संध्याकाळी त्याला जवळ बसवून विचारलं. आधी ‘मित्राची आहे’ झालं. मग म्हणाला, “आई, एवढं काय त्यात? ही मिंटवाली आहे, हलकी असते. घशाला लागतसुद्धा नाही. आणि बाबा रोज ओढतात, ते चालतं?”

माझ्याकडे दोन्हीचं उत्तर नव्हतं. आमचे हे रोज जेवण झालं की गॅलरीत जाऊन एक ओढतात. लग्नाला वीस वर्षं झाली. सुरुवातीला भांडले, मग रडले, मग गॅलरीचं दार लावून घ्यायला शिकले. आपण बायका कितीतरी गोष्टींची अशी दारं लावून घेतो ना?

पण ‘मिंटवाली हलकी असते’ हे वाक्य मनातून जाईना. मी बी. ए. झालेली, रसायनशास्त्राशी संबंध दहावीलाच संपला. तरी आमच्या डॉक्टरांकडे जाऊन बसले, त्यांनी दिलेलं वाचलं, समजलं नाही ते पुन्हा विचारलं. जे कळलं ते आज तुम्हाला सांगावंसं वाटतं, कारण ते आपल्या स्वयंपाकघराच्या भाषेत सहज समजण्यासारखं आहे.

मसाल्याचा डबा सिगारेटमध्ये

आपली समजूत काय, तर सिगारेट म्हणजे कागदात गुंडाळलेली तंबाखू. तसं नाही. १९९४ साली अमेरिकेतल्या मोठ्या सिगारेट कंपन्यांनी आपण तंबाखूत काय काय मिसळतो याची यादी सरकारला दिली. त्या यादीत ५९९ पदार्थ होते! आणि त्यांत कोण असावं? साखर, मध, कोको, व्हॅनिला, ज्येष्ठमध, वेलदोडा, जायफळ, दालचिनीचं तेल, अगदी आपली मेथीसुद्धा. सगळेच पदार्थ प्रत्येक सिगारेटमध्ये नसतात. पण यादी वाचताना मला आपला मसाल्याचा डबाच आठवला.

मग कुणी म्हणेल, हे तर खाण्याचे पदार्थ, त्यात वाईट काय? मैत्रिणींनो, फोडणीत मिरची घातली तर चवीला लागते. तीच मिरची तव्यावर जळाली तर काय होतं? सारं घर खोकत बाहेर पळतं! पोटात जाणारी वस्तू वेगळी आणि जाळून फुप्फुसात ओढलेली वेगळी. तंबाखू सुकू नये म्हणून तिच्यात ग्लिसरीन घालतात. त्याच्या जळण्यातून अॅक्रोलीन नावाचा वायू तयार होतो. कढईतलं तेल जास्त तापलं की जो धूर डोळ्यांना आणि घशाला झोंबतो, त्यातही हाच असतो. तंबाखूत घातलेली साखर जळली की अॅसिटाल्डिहाइड तयार होतं. निकोटिनची पकड त्यामुळे घट्ट होते, असं प्राण्यांवरच्या प्रयोगांत दिसलं आहे.

पण मला खरा धक्का बसला तो वेगळ्याच गोष्टीने. हे पदार्थ घालतात कशासाठी? नुसत्या तंबाखूचा धूर इतका तिखट असतो, की पहिल्यांदा ओढणारा ठसकून बाजूला फेकून देईल. शरीर बिचारं ओरडून सांगत असतं, ‘नको!’ साखरेने, कोकोने, ज्येष्ठमधाने तो धूर मऊ होतो. मेन्थॉल तर घशाला गारवा देतं. दुखऱ्या गुडघ्यावर बाम चोळला की बरं वाटतं ना, तेच मेन्थॉल. गुडघा बरा झालेला नसतो, फक्त दुखणं जाणवत नाही. इंडोनेशियात सिगारेटमध्ये लवंग घालतात. दाढ दुखली की आपण लवंग का धरतो? बधिर करते म्हणून! घसा बधिर झाला की धूर खोलवर ओढता येतो.

म्हणजे माझा लेक म्हणत होता ते खरंच होतं. घशाला लागत नव्हतं. लागू नये अशीच तर ती बनवली होती! ज्याला अजून सवय नाही, त्या कोवळ्या पोरांच्या गळ्याखाली उतरावी म्हणून. कडू औषध आपण लेकरांना मधातून चाटवतो, इथे विष मधातून चाटवतात.

सासूबाई म्हणाल्या, “चुना लागतो!”

वाचताना एका ठिकाणी मी अडले. सिगारेटच्या तंबाखूत अमोनियाची संयुगं मिसळतात, असं लिहिलं होतं. अमोनिया कशाला? दिवाणखान्यात बसून मी मोठ्याने वाचत होते. सासूबाई कोपऱ्यात गहू निवडत होत्या. वय चौऱ्याहत्तर, दिवसातून तीन वेळा मिश्री. त्या सहज म्हणाल्या, “अगं, त्यात काय कळायचंय? तुझे सासरे तंबाखू मळायचे ते नुसती का मळायचे? चुना लागतोच. चुन्याबिगर तंबाखू चढते होय?”

दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना सांगितलं, तर ते म्हणाले, “आजींना बरोबर कळलं!” चुना हा अल्कली. तो तंबाखूतलं निकोटिन मोकळं करतो आणि ते तोंडातून पटकन रक्तात जातं. अमोनियाही अल्कलीच. कंपन्यांच्या स्वतःच्याच जुन्या कागदपत्रांतून बाहेर आलं, की अमोनियाने निकोटिनचा झटका वाढतो का, याचा त्यांनी चांगला अभ्यास केला होता. २००६ साली अमेरिकेतल्या एका न्यायालयाने सिगारेट कंपन्यांनी लोकांची फसवणूक केल्याचा निकाल दिला. त्यानंतर २०१७च्या नोव्हेंबरपासून त्यांना वर्तमानपत्रांत आणि टीव्हीवर निवेदनं द्यावी लागली, की सवय जास्त लागावी अशीच आम्ही सिगारेट घडवली. धुराचा तिखटपणा कमी करायला अमोनिया घातल्याचा उल्लेखही त्यात होता. ज्यांनी ही निवेदनं वाचली, त्यांतल्या कितीजणांच्या घरात तोवर फोटोला हार चढला असेल!

बिनमसाल्याची तरी बरी?

आता तुम्ही म्हणाल, मग काही न मिसळलेली ओढली तर चालेल? इथेच सगळे फसतात. खरं विष वरून घातलेल्या मसाल्यात नाही, ते मुळात तंबाखूत आणि तिच्या जळण्यात आहे. सिगारेटच्या धुरात सात हजारांहून जास्त रसायनं असतात आणि त्यांतली सुमारे सत्तर कॅन्सर करणारी. शाळेच्या प्रयोगशाळेत बरणीत बेडूक ठेवतात ते फॉर्मलिन आठवतं? त्यातलं फॉर्माल्डिहाइड या धुरात असतं. बंद खोलीत शेगडी ठेवून झोपल्यावर माणसं दगावतात, तो कार्बन मोनॉक्साइड असतो. शिवाय बेन्झीन, आर्सेनिक, कॅडमियम.

अमेरिकेत एक कंपनी ‘आमच्या तंबाखूत काही मिसळलेलं नाही’ अशी जाहिरात करायची. २००० साली तिला जाहिरातीतच छापणं भाग पडलं, की काही मिसळलेलं नाही म्हणजे सिगारेट कमी धोक्याची आहे असं नव्हे. आपली बिडी घ्या. तेंदूचं पान आणि आत तंबाखू, ना कोको ना व्हॅनिला. तरी ती सिगारेटपेक्षा सौम्य मुळीच नाही. आणि आपली मिश्री? घरी तव्यावर भाजलेली, ‘शुद्ध’! तोंडाच्या कॅन्सरला ती शुद्धता चालते.

‘लाइट’ सिगारेटचंही तसंच. फिल्टरला बारीक भोकं असतात, त्यातून हवा मिसळते. पण ओढणारा नकळत ती भोकं बोटांनी, ओठांनी झाकतो आणि जास्त खोल ओढतो. शरीर आपला निकोटिनचा रतीब बरोबर वसूल करतं. कडू कारलं तुपात तळलं, साखरेत घोळलं, तरी ते कडू ते कडूच!

धूर गॅलरीत थांबत नाही

आता दुसरा प्रश्न, बाबांचा. २०१६-१७च्या देशव्यापी पाहणीत आपल्याकडच्या शंभरातल्या सुमारे एकोणचाळीस मोठ्या माणसांनी सांगितलं, की घरात दुसऱ्याच्या धुराचा त्रास आम्हाला होतो. यात आपणच किती असू विचार करा! गॅलरीत ओढलेला धूर दारा-खिडक्यांच्या फटींतून आत येतो, कपड्यांना आणि केसांना चिकटून येतो. लहान मुलांना त्याने न्यूमोनिया, दमा, कानाचे विकार होतात. गरोदर बाईच्या बाळाचं वजन कमी भरतं. आणि ‘एवढ्याशा धुराने काही होत नाही’ अशी कुठलीही सुरक्षित मर्यादा नाही.

त्याहून मोठी गोष्ट मला लेकाने शिकवली. मुलगा वासाने नाही, बघून शिकतो. रोज गॅलरीत उभा असलेला बाप त्याने लहानपणापासून पाहिला. आणि दार लावून गप्प बसणारी आईसुद्धा!

मग आम्ही काय केलं?

एका रविवारी जेवणं झाल्यावर मी तिघांना एकत्र बसवलं. भाषण केलं नाही, भाषणं बाहेर करते. बिस्किटाचा पुडा आणि यांचं सिगारेटचं पाकीट समोर ठेवलं. म्हटलं, “पाच रुपयांच्या पुड्यावर आत काय काय घातलंय ते छापलंय. या पाकिटावर शोधून दाखवा.” लेकाने उलटसुलट करून पाहिलं. मोठं थोरलं कॅन्सरचं चित्र होतं, सूचना होती, पण आतल्या मालमसाल्याची यादी नव्हती. मग मी त्याला गारवा आणि बाम, लवंग आणि दाढ, सगळं सांगितलं. तो बराच वेळ गप्प होता. शेवटी म्हणाला, “म्हणजे आम्हाला उल्लू बनवतात.” सतराव्या वर्षी कॅन्सर फार लांबचा वाटतो, पण कुणी आपल्याला बनवतंय हे सहन होत नाही!

यांनी पाकिटावरचा १८००-११-२३५६ हा नंबर पाहिला. ही सरकारची तंबाखू सोडवणारी मोफत फोनसेवा. दोन दिवसांनी स्वतःच फोन लावला. तारीख ठरवली. पहिले दोन-तीन दिवस फार कठीण. चिडचिड, झोप नाही, आमटीत मीठ जास्त म्हणून ताट सरकवणं झालं. डॉक्टरांनी आधीच बजावलं होतं, म्हणून मी बोलले नाही. खिशात वेलदोडा, लवंग, बडीशेप द्यायला लागले. मसाला शेवटी जिथे असावा तिथे आला! सोडल्यावर दिवसा-दोन दिवसांत रक्तातला कार्बन मोनॉक्साइड उतरतो आणि वर्षभरात हृदयविकाराचा वाढीव धोका निम्म्यावर येतो, हे मी कॅलेंडरवर लिहून ठेवलंय. जमत नसेल तर जिल्हा रुग्णालयाच्या तंबाखूमुक्ती केंद्रात समुपदेशन मिळतं, डॉक्टर औषधंही देतात.

राहता राहिली टपरी. अठरा वर्षांखालच्या मुलाला तंबाखू विकणं २००३च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळा-कॉलेजपासून शंभर यार्डांच्या आत विकणंही. २०१५च्या बालन्याय कायद्यात तर मुलाला तंबाखू देणाऱ्याला सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि लाखापर्यंत दंड आहे. सुटी सिगारेट विकण्यावर आपल्या राज्याने २०२०च्या सप्टेंबरमध्ये बंदी घातली, कारण सुट्या सिगारेटसोबत ते भीतीचं चित्र येत नाही आणि पोरांच्या खिशाला ती परवडते. तरी माझ्या लेकाला ती कॉलेजसमोरच मिळाली. आमच्या महिला मंडळाच्या आम्ही अकराजणी मुख्याध्यापकांना भेटलो, मग पोलीस ठाण्यात लेखी अर्ज दिला. टपरी तिथेच आहे, पण बरण्यांमागची पाकिटं सध्या तरी दिसत नाहीत. आम्ही जाता-येता बघत असतो.

सगळं छान झालं असं छातीठोकपणे सांगणार नाही. यांना पाच महिने झाले, त्यात दोनदा घसरले. लेक ओढत नाही म्हणतो. मी विश्वास ठेवते आणि खिसेही चाचपते. सगळ्यांत हट्टी निघाल्या त्या सासूबाई! तीनची मिश्री एकदावर आली आहे, आणि नातू रोज विचारतो, “आजी, आज किती?”

पण आमच्या गॅलरीचं दार आता उघडं असतं. तिथे मी तुळशीशेजारी एक नवी कुंडी ठेवली आहे. पुदिन्याची. चटणीसाठी!