प्रौढांचा वर्ग कुणी चालवावा?

प्रौढ साक्षरतेचा वर्ग म्हटला की एक ठराविक चित्र डोळ्यांपुढे उभे राहते. फळ्यापाशी खडू घेतलेला सुशिक्षित तरुण आणि खाली सतरंजीवर नातवंडांच्या पाट्या घेऊन बसलेली वयस्क मंडळी. काय शिकवायचे, केव्हा शिकवायचे, सारे वरून ठरलेले. जिने चाळीस वर्षे संसार आणि शेत सांभाळले, तिला वर्गाची वेळसुद्धा कुणी विचारत नाही! मला हे चमत्कारिक वाटते. म्हणून एका निराळ्या वर्गाची हकीकत सांगतो.

अमेरिकेतील दक्षिण कॅरोलायना राज्यात, चार्ल्सटन शहराजवळ जॉन्स आयलंड नावाचे बेट आहे. तेथे मतदार म्हणून नाव नोंदवायचे तर राज्यघटनेतील उतारा वाचून दाखवावा लागे. या अटीमुळे असंख्य कृष्णवर्णीय मताला मुकत. ईसॉ जेंकिन्स हे आपल्या बसमधून कामकऱ्यांना शहरात नेत आणि वाटेत त्यांच्याकडून घटनेतील मजकूर घोकून घेत. ॲलिस वाइन ही त्यांची एक उतारू तो पाठ म्हणून नोंदणीत पार पडली. पण तेवढ्याने तिचे समाधान होईना. तिला खरेखुरे वाचायचे होते. अशा मागणीतून जानेवारी १९५७ मध्ये एका दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग सुरू झाला. पुढे किराणा, मागे शाळा. कुणाला संशय नको!

शिकवायला मुद्दाम शिक्षकी पेशाबाहेरची व्यक्ती निवडली. बर्निस रॉबिन्सन या केशभूषेचा व्यवसाय करीत. त्यांनी बरोबर आणलेली लहान मुलांची पुस्तके बाजूला ठेवली आणि तुम्हांला काय शिकायचे आहे, असे सरळ विचारले. कुणाला सही करायची होती, कुणाला मनीऑर्डरचा फॉर्म भरायचा होता, कुणाला बायबल वाचायचे होते. तोच अभ्यासक्रम झाला. पुढे असे वर्ग आसपासच्या बेटांवर आणि मग दक्षिणेत दूरवर पसरले. तेथेही शिकवायला पदवीधरांपेक्षा त्या त्या वस्तीतली साधी माणसे शोधली जात.

आपल्याकडे नेल्लोर जिल्ह्यात साक्षरता मोहिमेच्या वाचनपाठांवरून बायकांत दारूची चर्चा सुरू झाली. दुबगुंट्याच्या बायकांनी दुकान बंद पाडले, लोण राज्यभर गेले आणि १९९३ मध्ये आंध्र सरकारला अरकावर बंदी घालावी लागली. मोहीम आखणाऱ्यांनी हे योजले नव्हते.

आपल्या सीमाभागात तर पहिलाच प्रश्न लिपीचा. मराठी बोलणाऱ्या मावशींना आधी नातवाचे पुस्तक वाचायचे आहे की बसवरची कन्नड पाटी? हे आपण विद्यार्थ्यांनी परस्पर का ठरवावे? समितीवर एका शिकणाऱ्याचे नाव घालून त्याला कोपऱ्यात गप्प बसवणे हा निव्वळ देखावा झाला. हजेरीपट आणि खोलीची किल्ली त्यांच्याकडे द्यावी. पुढच्या आठवड्याचा पाठ त्यांनी सांगावा. जी बाई चार महिने पुढे गेली आहे, तिने नव्या बाईचा हात धरून अक्षर गिरवून घ्यावे. काम सावकाश होईल, अहवालात आकडे थोडे दिसतील. पण पेरणी-सुगीच्या दिवसांत वर्ग किती वाजता भरवावा, हे तरी कुणाला विचारावे लागणार नाही.