दोन विजा एकत्र येऊ न देणारी पेटी

12 ऑक्टोबर 2020 ला सकाळी मुंबईची वीज गेली, लोकल जागच्या जागी थांबल्या. कोविडचे दिवस, आयसीयू भरलेले. रुग्णालयांचे जनरेटर सुरू झाले, पण जनरेटर सुरू झाला म्हणजे वॉर्डात वीज पोचली असं नव्हे. मधे एक पेटी लागते. तिला ऑटोमॅटिक ट्रान्सफर स्विच, एटीएस म्हणतात. इंजिन सुरू करायचं कामही त्याच पॅनलकडे असलं, तर आपल्याकडे त्याला एएमएफ पॅनल म्हणतात. अख्ख्या वीजघरात मला सर्वांत मोलाची वाटते ती हीच पेटी.

तिचा कंट्रोलर तिन्ही फेजचं व्होल्टेज सतत तपासतो. एखादा फेज ठरलेल्या मर्यादेखाली, समजा 85 टक्क्यांखाली, गेला तरी तो लगेच धावत नाही. एक ते तीन सेकंद थांबतो. पावसात फांदी तारेला घासून दिवा मिचकला, तर त्यासाठी इंजिन कशाला उठवायचं? वीज खरोखर गेली असेल तर तो स्टार्टर देतो आणि जनरेटरचं व्होल्टेज नि 50 हर्ट्‌झ जमेपर्यंत भार त्यावर टाकत नाही. अमेरिकेच्या एनएफपीए संहितेत रुग्णालयातल्या जीवरक्षक भारासाठी या सगळ्याला 10 सेकंद दिले आहेत. तेवढा वेळ व्हेंटिलेटर आपल्या बॅटरीवर निभावून नेतो.

पूर्वी हे हातानं व्हायचं. भारनियमनाच्या वर्षांत गावोगावच्या दवाखान्यांत कुणीतरी टॉर्च घेऊन धावायचं, चेंजओव्हरचा दांडा खाली ओढायचं.

दांडा असो वा एटीएस, मुख्य गोष्ट इंटरलॉक, म्हणजे दोन्ही विजा एकाच वेळी जोडू न देणारा अडसर. एका जिल्ह्याच्या गावी रुग्णालयाच्या तळघरात तो पाहायला मी मुद्दाम गेलो होतो. तिथले वायरमनकाका म्हणाले, “थांबा साहेब, आधी दोन्हीकडची सप्लाय बंद करतो.” मग दार उघडून त्यांनी मेन्सचा कॉन्टॅक्टर हातानं दाबून धरला आणि मला जनरेटरचा दाबायला सांगितलं. सगळा जोर लावला, तो हलला नाही. मधली लोखंडी पट्टी त्याला बसूच देत नव्हती. वायरिंगमधला इलेक्ट्रिकल इंटरलॉक वेगळा असतोच, पण कॉन्टॅक्ट चिकटो, कंट्रोलर बिघडो, ही पट्टी आड येतेच.

कारण जनरेटरची वीज उलटी रस्त्यावरच्या ट्रान्सफॉर्मरमध्ये गेली, तर तोच ट्रान्सफॉर्मर 433 व्होल्टचे 11,000 करतो. लाइन बंद आहे म्हणून खांबावर चढलेल्या लाइनमनच्या हातात ते येतात. ही पट्टी त्याच्यासाठी आहे, आणि तिला चुकवून घरगुती जनरेटर थेट प्लगात खुपसणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो.

दुसरी खुबी मोटरींची. वीज तुटल्यावरही पंपाची मोठी मोटर क्षणभर फिरत राहते आणि स्वतःच व्होल्टेज देते, पण तिचा फेज सरकत मागे पडत असतो. त्याच क्षणी नवी वीज लादली तर प्रचंड करंट खेचला जातो, शाफ्टला हिसका बसतो. म्हणून चांगला एटीएस दोन्ही बाजू सोडून मधे थोडा थांबतो आणि मोटरीचं उरलेलं व्होल्टेज विझू देतो. काही एटीएस दोन्हींचे फेज जुळण्याची वाट पाहतात.

मेन्स परतल्यावरही हीच सबुरी. ती टिकते का, हे काही मिनिटं पाहून मगच भार परत जातो आणि इंजिन थंड व्हायला मोकळं चालत राहतं.

पुष्कळ सोसायट्यांत दर आठवड्याला जनरेटर नुसता चालवून बंद करतात. त्यात एटीएस तपासला जात नाहीच, शिवाय भाराविना चालणाऱ्या डिझेल इंजिनात अर्धवट जळलेलं इंधन साचतं. एनएफपीएचा नियम महिन्यातून एकदा, किमान 30 टक्के भारावर, 30 मिनिटांचा आहे. वायरमनकाका तर मेन्सचा ब्रेकरच पाडतात: आधी आयसीयूच्या सिस्टरना फोन, मग ब्रेकर खाली, आणि नजर घड्याळावर.