अलीपूर कुठे आहे?

सुट्टीत जे. पी. नगरच्या घरी पाहुण्यांकडून ऐकले, "बंगळुरूजवळ फारसी बोलणारे गाव आहे." मी लगेच नकाशा काढला.

गाव अलीपूर, तालुका गौरीबिदनूर, जिल्हा चिक्कबळ्ळापूर. बंगळुरूच्या उत्तरेला साधारण 75 किलोमीटर. बहुतेक वस्ती शिया मुसलमानांची. इथले काही तरुण धर्मशिक्षणासाठी इराणला जातात, म्हणून लोक गावाला 'छोटा इराण' म्हणतात. घरांत मात्र उर्दू बोलली जाते. म्हणजे ऐकीव माहिती अर्धीच खरी!

फारसी तर आपल्याच तोंडी आहे. तालुका, जिल्हा, शिपाई, हवालदार, सुभेदार हे शब्द मराठीत फारसीतूनच आले.

कॅडेट मित्रांनो, चुकीची खबर पूर्ण तुकडीला भलतीकडे नेते. म्हणून आधी खात्री, मगच रिपोर्ट!