कानाला फसविणारे शब्द

इंग्रजी शिकणाऱ्या मुलांना शुद्धलेखन घालतांना घरांतील वडील मंडळींना एक अनुभव हटकून येतो. आपण 'नाइट' म्हणतों, मुलगा रात्र या अर्थाचा शब्द लिहितो. आपल्या मनांत मात्र घोड्यावरचा सरदार असतो. मग ठपका येतो तो मुलाच्या बुद्धीवर! वास्तविक दोष त्याचा नाहीं. आपली बालबोध लिपि बव्हंशीं उच्चारामागून चालते. इंग्रजी लेखन मात्र कित्येक ठिकाणीं जुन्या उच्चारांची आठवण जपून बसलें आहे.

सरदारवाचक 'नाइट' शब्दाच्या आरंभींचें 'के' हें अक्षर उगाच आलेलें नाहीं. प्राचीन इंग्रजींत त्या शब्दाचा उच्चार जवळजवळ 'क्निख्त' असा होता आणि रात्रीचा 'निख्त'. म्हणजे ते शब्द तेव्हां कानालाहि वेगळे होते. विल्यम कॅक्स्टननें १४७६ सालीं वेस्टमिन्स्टर येथें छापखाना घातला. पुढें छापील ग्रंथांमुळें शब्दांचीं लेखी रूपें हळूहळू ठरत गेलीं. बोली मात्र थांबली नाहीं. सतराव्या शतकाच्या सुमारास तो 'क' तोंडांतून गेला, पण कागदावर राहिला. 'मीट' म्हणजे भेटणें आणि 'मीट' म्हणजे मांस यांचे स्वरहि पूर्वीं निराळे होते; म्हणूनच त्यांचें लेखन आजहि निराळें आहे.

याच्या उलट प्रकार फूल आणि पीठ या अर्थांच्या इंग्रजी शब्दांचा. ते मुळांत एकच. दळलेल्या धान्याचा उत्तम अंश तें जणू त्याचें फूल, अशी ती कल्पना! सॅम्युएल जॉन्सननें १७५५ च्या आपल्या कोशांत ते दोन अर्थ वेगळे काढले नव्हते. दोन लेखनें पक्कीं झालीं तीं त्यानंतर.

दुसरा गोंधळ मात्र इंग्रजांचा नव्हे, आपला आहे. आपण 'वेस्ट' लिहितों, त्यांत चार शब्द दडलेले असतात: पश्चिम, गंजीफ्रॉक, नासाडी आणि कंबर. इंग्रजाच्या कानाला यांपैकीं नासाडी व कंबर हेच दोन एकसारखे. त्यांतील 'ए' लांबट आहे. पश्चिमेचा 'ए' आखूड. या तिहींच्या आरंभीं ओठांचा चंबू होतो; गंजीफ्रॉकाच्या वेळीं मात्र वरचे दांत खालच्या ओठाला टेकतात. आपल्या एका 'व'नें आणि एका 'ए'नें हे सारे भेद गिळून टाकले. 'सेल'ची कथाहि तशीच: विकणें व कोठडी ही एक जोडी, विक्री व शीड ही दुसरी.

मराठी या बाबतींत अगदीं निर्दोष आहे, असेंहि मानूं नये. 'दिन' म्हणजे दिवस आणि 'दीन' म्हणजे गरीब. पण बोलतांना हा भेद आपण तरी कितीसा पाळतों? तेथील ऱ्हस्वदीर्घ ही संस्कृताची आठवण आहे.

म्हणून मुलांना सुटा शब्द न घालतां पुरें वाक्य घालावें. वाक्यांत अर्थ आपोआप उलगडतो. पहिल्या प्रकारच्या शब्दांचा पूर्वेतिहास सांगावा, म्हणजे घोकंपट्टीचा भार हलका होतो. दुसऱ्या प्रकारासाठीं प्रथम आपलेच ओठ आरशांत पाहावे. जो मुलगा ऐकलें तसें लिहितो, त्यानें बालबोधाचा पहिला धडा नीट गिरविलेला असतो. त्याला मंद म्हणण्याची घाई करूं नये.