पडद्यावरचा मुसलमान आणि जयंतीची कव्वाली

शहापूर-मुरबाडच्या पाड्यापाड्यांत आज प्रत्येक तरुणाच्या खिशात सिनेमा आहे. शेजारचा मुसलमान कसा आहे, हे तो शेजाऱ्याला विचारत नाही, मोबाईलला विचारतो!

हा रोग जगभरचा आहे. अमेरिकेतील अभ्यासक जॅक शाहीन यांनी ९०० हून अधिक हॉलिवूड चित्रपट तपासून २००१ साली 'रील बॅड अरब्ज' हा ग्रंथ लिहिला. पडद्यावरचा अरब बहुतेक वेळा रानटी, लंपट नाहीतर खुनी! पुढे ब्रिटिश नट रिझ अहमद यांच्या २०१७ च्या भाषणावरून 'रिझ टेस्ट' नावाची कसोटी निघाली. चित्रपटातला मुसलमान दहशतवादाशी जोडला आहे काय? विनाकारण संतापी आहे काय? अंधश्रद्ध, मागासलेला आहे काय? पाश्चात्य जीवनपद्धतीला धोका म्हणून दाखवला आहे काय? पुरुष असेल तर स्त्रीद्वेष्टा, स्त्री असेल तर पुरुषांनी दडपलेली आहे काय? एकाचे उत्तर जरी 'होय' आले, तरी चित्रपट नापास.

हीच कसोटी आपल्या पडद्याला लावा. २०२३ च्या 'द केरला स्टोरी'च्या टीझरने ३२,००० मुलींचा आकडा फेकला. या आकड्याला अधिकृत आधार नाही, अशी सूचना दाखवण्याचे निर्मात्यांना सर्वोच्च न्यायालयात कबूल करावे लागले. पण सूचना वाचतो कोण? आकडा तोवर गावोगाव पोचला होता.

दुसऱ्याने रंगवलेले चित्र किती खोटे असते, हे आपल्याइतके कोणाला ठाऊक? म्हणून तर बाबासाहेबांनी ३१ जानेवारी १९२० रोजी 'मूकनायक' काढला. डिसेंबर १९२७ मध्ये महाडच्या परिषदेला कोणी जागा देईना, तेव्हा ती फत्तेखान या मुसलमान गृहस्थाने दिली. आणि जयंतीच्या रात्री रंगणारी कव्वाली? ती सूफींच्या दर्ग्यातून आली. विठ्ठल उमप, प्रल्हाद शिंदे यांच्यासारख्या गायकांनी ती आपल्या वस्त्यांत घरोघरी नेली. टाळी त्यांची घ्यायची आणि संशयही त्यांच्यावरच घ्यायचा, हा कुठला न्याय?

मुस्लिम समाजाची चिकित्सा जरूर व्हावी. हमीद दलवाईंनी २२ मार्च १९७० रोजी मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापून ती केलीच. पण घरच्या माणसाने सुधारणेसाठी केलेली चिकित्सा वेगळी आणि तिकीटबारीसाठी केलेली बदनामी वेगळी.

तेव्हा शहापूर-मुरबाडच्या जयंती मंडळांनो, येत्या १४ एप्रिलला तालुक्यातल्या मुसलमान तरुण-तरुणींना मंचावर बोलवा. त्यांची गोष्ट त्यांच्याच तोंडून ऐका. ज्यांनी स्वतःचा आवाज लढून मिळवला, त्यांनी दुसऱ्याचा आवाज दाबला जात असताना गप्प बसू नये.